एकदा सिझेरियन, की नेहमीच सिझेरियन? — एका वाक्याची हकीकत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. पाककृती, विणकाम, रांगोळी यांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. पण आपल्या दुपारच्या बैठकीत एक विषय हल्ली हटकून निघतो. कोणाची सून, कोणाची लेक दुसऱ्या खेपेला असते. पहिले बाळंतपण पोट चिरून झालेले असते. आता या खेपेला कळा येऊ द्यायच्या, की तारीख ठरवून पुन्हा शस्त्रक्रिया करायची? कोणीतरी लगेच म्हणते, "एकदा सिझर झाले, की पुढचे सिझरच. त्यात विचार कसला करायचा?"

हे वाक्य इतक्या ठामपणे बोलले जाते, की ते कोठून आले असेल याचे मला कुतूहल वाटू लागले. ग्रंथालयातली पुस्तके वाचली. इंग्रजीतले होते ते भाच्याने समजावून सांगितले. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना शंका विचारल्या. त्यातून जुळलेली ही हकीकत आहे. हा वैद्यकीय सल्ला नव्हे, हे आधीच सांगते. तो ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

सिझेरियन हे नाव रोमच्या ज्युलिअस सीझरवरून पडले, तो असाच जन्मला, असे आपण ऐकतो. पण सीझरची आई ऑरेलिया तो मोठा सेनापती होईपर्यंत जिवंत होती, आणि त्या काळी पोट चिरल्यावर बाई जगणे जवळजवळ अशक्यच होते. मेलेल्या गरोदर स्त्रीच्या पोटातून मूल काढण्याची ती रीत होती. जिवंत बाईची पहिली गोष्ट सांगतात ती स्वित्झर्लंडातली, सन १५०० ची. जेकब नूफर नावाचा डुकरे खच्ची करणारा गृहस्थ होता. बायको कित्येक दिवस अडली, सुइणींनी हात टेकले, तेव्हा त्याने स्वतःच तिचे पोट चिरून मूल काढले. ती जगली आणि पुढे तिला आणखी मुले नेहमीच्या वाटेनेच झाली! मात्र ही गोष्ट लिहिली गेली ती ऐंशी वर्षांनी. मूल पिशवीबाहेर पोटात वाढले असेल, पिशवी चिरलीच गेली नसेल, अशी शंका जाणत्या लोकांनी घेतली आहे. ते काही असो. आपला प्रश्न पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीतही आहे, एवढे मात्र खरे.

खरा इतिहास सुरू होतो तो एकोणिसाव्या शतकात. ब्रिटनमध्ये १८६५ च्या सुमारास अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरांतल्या सुमारे ८५ माता दगावत. याचे कारण ऐकून आपल्याला नवल वाटेल. डॉक्टर पोट शिवत, पण आतली पिशवी शिवतच नसत! पिशवी आपोआप आकसून मिटते, आणि आत घातलेला टाका पुन्हा काढता कसा येणार, असा समज होता. मग रक्तस्राव होई, नाहीतर पू होऊन ताप चढे. १८७६ साली इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो याने एक भयंकर तोड काढली. मूल काढल्यावर पिशवीच काढून टाकायची. बाई वाचली; पण तिचे मातृत्व तेथेच संपले. त्या बाईला पुढच्या बाळंतपणाचा प्रश्नच उरला नाही.

हा प्रश्न उभा राहिला तो टाक्यामुळे. १८८२ साली जर्मनीतील लाइप्झिग येथे माक्स झेंगर या तरुण डॉक्टराने पिशवी नीट शिवलीच पाहिजे, असे दाखवून दिले. त्याने चांदीची तार आणि रेशीम वापरले. चांदीच्या तारेच्या टाक्याला नाव मिळवून दिले ते अमेरिकेतील मॅरियन सिम्स या डॉक्टराने. अलाबामा प्रांतात १८४५ ते १८४९ या काळात त्याने अनार्का, बेट्सी, ल्यूसी अशा गुलाम काळ्या स्त्रियांवर, भूल न देता, वारंवार शस्त्रक्रिया करून हे ज्ञान मिळवले. नाही म्हणायचा अधिकार त्यांना नव्हताच. त्यांची नावे येथे मुद्दाम लिहिते. आपल्या टाक्याच्या मुळाशी त्यांचे दुःख आहे.

टाका आला, निर्जंतुक हात आणि हत्यारे आली, आणि बाया वाचू लागल्या. १८८८ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात मर्डोक कॅमेरॉन याने कॅथरिन कोहून या मुडदुसाने खुंटलेल्या बाईची सिझेरियन करून सुखरूप सुटका केली. तिने मुलाचे नावच ठेवले सीझर कॅमेरॉन. ग्लासगोत तेव्हा कारखान्यांचा इतका धूर असे, की अरुंद गल्ल्यांतल्या मुलांना ऊन मिळत नसे. लहानपणी मुडदूस झालेल्या मुली मोठ्या होत, पण कमरेची हाडे आकसलेलीच राहत. आपल्याकडे काश्मीरमध्ये कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाईंनीही हेच पाहिले. पडद्यात कोंडलेल्या बायकांची हाडे उन्हावाचून मऊ होऊन बाळंतपणाची वाट अरुंद होते, असे त्यांनी १९२८ साली लिहून ठेवले.

ही हाडांची गोष्ट येथे विस्ताराने सांगितली याला कारण आहे. ते वाक्य बोलले गेले, तेव्हा सिझेरियनचे मुख्य कारण ही अरुंद हाडेच होती.

ते साल १९१६. न्यूयॉर्कमध्ये एडविन क्रेगिन नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. बाळंतपणात घाई करू नये, हत्यार जपून उचलावे, अशा विषयावर त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात ते वाक्य आहे: एकदा सिझेरियन, की नेहमी सिझेरियन. पण ते कोणाला उद्देशून होते? दुसऱ्या खेपेच्या बाईला नव्हे. ते होते पहिल्यांदा पोट चिरायला निघालेल्या डॉक्टराला. बाबा रे, आज तू जी सुरी चालवशील, तिचे बंधन या बाईच्या पुढच्या सर्व बाळंतपणांवर पडेल. तेव्हा आधी दहादा विचार कर, असा त्याचा भाव. शिवाय क्रेगिन यांनी तेथेच सांगितले होते की याला अपवाद आहेत, आणि त्यांच्याच एका बाईला सिझेरियननंतर तीन मुले नेहमीच्या वाटेने झाली होती. निबंध राहिला कपाटात, अपवादही तेथेच राहिला. वाक्य मात्र जगभर फिरले.

त्या काळापुरते ते वाक्य योग्यही होते. एक तर हाडे अरुंद असतील तर ती दुसऱ्या खेपेलाही अरुंदच राहणार. दुसरे म्हणजे, तेव्हा पिशवीचा छेद वरच्या भागात, उभा घेत असत. पिशवीचा वरचा भाग जाड स्नायूंचा. कळा येतात त्या तेथेच. बाळंतपणानंतर पिशवी आकसते तीही त्याच भागाने. म्हणजे नुकते घातलेले टाके हालते राहत, सैल पडत, आणि जखम कच्ची भरे. पुढच्या खेपेला कळांच्या जोराने, कधीकधी कळा सुरू होण्याच्या आधीच, तो व्रण उसवे. पिशवी फाटली की मूल बहुधा जाई, आणि आईही. रक्त देण्याची सोय नाही, पेनिसिलीन नाही, अशा दिवसांत कोण शहाणा डॉक्टर धोका पत्करील?

पण पुढे छेदाची जागा बदलली. पिशवीच्या खालच्या, पातळ भागात आडवा छेद घ्यावा, ही युक्ती जर्मनीत फेर्डिनांड केरर याने १८८१ सालीच केली होती. पण तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९२० नंतरच्या वर्षांत ग्लासगोच्या मन्रो कर यांनी ती नेटाने पुढे आणली. हा खालचा भाग कळा देत नाही, नुसता ताणला जातो. तेथे रक्त कमी जाते, टाके शांत राहतात, व्रण भक्कम भरतो. इकडे १९२२ च्या सुमारास ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला, आणि तिकडच्या शहरांतला मुडदूस ओसरला. रक्तपेढ्या निघाल्या, पेनिसिलीन आले. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी ते वाक्य होते, अरुंद हाडे आणि वरचा उभा व्रण, त्या दोन्ही मागे पडल्या. वाक्य मात्र राहिले. जुन्या घराची किल्ली नव्या कुलुपाला लावत बसावे, तसे झाले.

युरोपातील डॉक्टरांनी त्या वाक्याला एवढे महत्त्व दिले नाही. ते बाईला पाहून ठरवत. अमेरिकेत मात्र तो जवळजवळ कायदा झाला. १९७० साली तेथे शंभरांतली सुमारे ५ मुले सिझेरियनने होत. १९८० साली ती १६ च्या वर गेली. त्यात 'आधी एकदा झाले आहे' हे एक मोठे कारण होते. तेव्हा त्याच वर्षी सरकारी आरोग्यसंस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली. खालचा आडवा छेद असलेल्या पुष्कळ स्त्रियांनी कळा येऊ देऊन पाहणे सुरक्षित आहे, असे परिषदेने सांगितले. बायकाही गप्प नव्हत्या. पहिल्या सिझेरियननंतर दुसरे मूल नैसर्गिक वाटेने झालेल्या नॅन्सी वेनर कोहेन यांनी लुईस एस्टनर यांच्याबरोबर १९८३ साली 'सायलेंट नाइफ' नावाचे पुस्तकच लिहिले. १९८८ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही अशा स्त्रियांना उत्तेजन द्यावे असे सांगितले. १९९६ पर्यंत आधी सिझेरियन झालेल्या शंभर स्त्रियांत २८ जणी नेहमीच्या वाटेने बाळंत होऊ लागल्या.

येथे हकीकत सुखान्त होईल असे वाटते. पण तसे झाले नाही. खर्च वाचतो म्हणून काही विमा कंपन्यांनी कळा देऊन पाहण्याची सक्तीच सुरू केली! बाई योग्य आहे की नाही, दवाखान्यात सोय आहे की नाही, हे न पाहता गाडी पुढे रेटली गेली. पिशव्या फाटल्या, मुले दगावली, खटले झाले. १९९९ साली तज्ज्ञांच्या संस्थेने बजावले, की शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तत्काळ हाताशी असतील तेथेच हे करावे. २००१ साली वॉशिंग्टन प्रांतातील वीस हजारांवर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कळा न येऊ देता शस्त्रक्रिया केलेल्यांत पिशवी फाटण्याचे प्रमाण हजारी १.६, कळा आपणहून आलेल्यांत ५.२; आणि प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाने कळा आणलेल्यांत २४.५. मग लंबक पुन्हा उलट गेला. छोट्या रुग्णालयांनी दारे बंद केली, आणि २००६ पर्यंत २८ चे प्रमाण ९ च्याही खाली आले. २०१० साली पुन्हा परिषद भरली. पुष्कळ स्त्रियांसाठी प्रयत्न करून पाहणे योग्यच आहे, त्यांच्या वाटेत उगाच अडथळे नकोत, असे तिने सांगितले.

भगिनींनो, या साऱ्या हकीकतीत मला एक गोष्ट ठळक दिसते. 'नेहमी सिझेरियन' हा नियम चुकला, आणि 'सर्वांनी कळा देऊन पाहा' हाही नियम चुकला. दोन्ही वेळा बाईला तिच्या व्रणाबद्दल कोणी विचारलेच नाही.

आता आपल्या घराकडे वळू. सरकारच्या पाहणीप्रमाणे भारतात २००५-०६ साली शंभरांतली सुमारे ९ बाळंतपणे सिझेरियनने झाली होती; २०१९-२१ च्या पाहणीत ती २१ च्या वर गेली. महाराष्ट्रात हा आकडा २५ च्या वर, गोव्यात ३९ च्या वर. खाजगी रुग्णालयांत तर देशभर ४७ च्या पुढे. म्हणजे आपल्या लेकीसुनांपैकी कितीतरी जणींपुढे हा प्रश्न दुसऱ्या खेपेला उभा राहणारच.

दोन्ही पारड्यांत काय आहे ते सरळ सांगते. इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, एकच सिझेरियन झालेल्या ज्या स्त्रिया कळा देऊन पाहतात, त्यांतल्या शंभरांत ७२ ते ७५ जणी नेहमीच्या वाटेने बाळंत होतात. आधी एखादे बाळंतपण त्या वाटेने झाले असेल, तर ८५ ते ९०. पिशवी उसवण्याचा धोका दोनशेंत एकीला. तो थोडा, पण खरा आहे. आणि ती वेळ आली तर मुलासाठी मिनिटे मोजावी लागतात. उलट, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत हा धोका जवळजवळ टळतो, पण टाक्यांवर टाके पडत जातात. त्याचा मोठा त्रास वारेचा. पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणावर बसून आत रुतते, सुटता सुटत नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तीस हजार स्त्रियांच्या अभ्यासात, वार खाली आलेल्या स्त्रियांपैकी दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी शंभरांत ११ जणींची, आणि तिसऱ्याच्या वेळी ४० जणींची वार अशी रुतलेली आढळली. म्हणून दोनच मुले हवी असलेल्या बाईचा हिशेब वेगळा, आणि चार हवी असलेलीचा वेगळा.

माझ्या धाकट्या जावेपुढे हा प्रश्न आला तेव्हा घरात बराच खल झाला. पहिले मूल पायाळू होते म्हणून सिझेरियन झाले होते. मधे साडेतीन वर्षे गेली होती. या खेपेला मूल डोक्याकडूनच होते. सासूबाई म्हणाल्या, "एकदा चिरलेले पोट. त्याची आणखी परीक्षा कशाला पाहायची?" डॉक्टरीणबाईंनी आधी जुना कागद मागितला. ट्रंकेच्या तळाशी तो सापडला. वरच्या कातडीवरचा टाका आडवा असला, तरी आत पिशवीवर छेद कसा आहे हे त्यावरून कळत नाही. ते शस्त्रक्रियेच्या कागदावरच लिहिलेले असते, हे आम्हांला तेव्हा कळले. तिचा छेद खालचा, आडवा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रयत्न करता येईल. पण माझ्या प्रसूतिगृहात नको. भूल देणारे डॉक्टर मला बाहेरून बोलवावे लागतात, रात्री तास जातो." मग जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे रात्रंदिवस शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय होती, तेथे नाव घातले.

कळा आपणहून आल्या. नऊ-दहा तास गेले, पण डोके खाली सरकेना. बाळाचे ठोके मंद होऊ लागले, आणि शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सासूबाईंना वाटले, एवढे सारे करून व्यर्थच गेले. जाऊ मात्र मला म्हणाली, "ताई, या खेपेला सगळे मला सांगून, विचारून झाले. मागच्या वेळेसारखे कोड्यात राहिले नाही." शेजारच्या आळीतल्या एकीचे त्याच वर्षी नेहमीच्या वाटेने झाले; आणि दुसऱ्या एकीने, आधीची दोन्ही सिझेरियन असल्याने, तारीख ठरवूनच शस्त्रक्रिया करून घेतली. तिघींचे निर्णय आपापल्या जागी ठीक होते.

म्हणून या निमित्ताने मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतो, ओटी भरतो. ज्या लेकीसुनेचे आधी सिझेरियन झाले आहे, तिच्याजवळ बसून त्याच दिवशी चार गोष्टी विचाराव्यात. मागच्या शस्त्रक्रियेचा कागद जवळ आहे का, आणि पिशवीवरचा छेद कोणता? ती शस्त्रक्रिया कशासाठी झाली, आणि ते कारण या खेपेलाही आहे का? दोन बाळंतपणांत निदान दीड वर्षाचे तरी अंतर आहे का? आणि जेथे नाव घातले, तेथे रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया करणारे, भूल देणारे, आणि रक्त, हे सारे हजर असते का? उत्तरे तिने डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि मग ठरवावे. घरी किंवा आडगावी असा प्रयत्न कोणीही करू नये, आणि व्रणाच्या जागी कळांच्या मधेही दुखत राहिले किंवा रक्त गेले, तर क्षणाचाही उशीर करू नये.

आणि जिचे पहिलेच बाळंतपण आहे, तिच्या घरच्यांनी क्रेगिनसाहेबांच्या वाक्याचा मूळ अर्थ ध्यानात ठेवावा. जिवाला धोका असेल तेथे सिझेरियन हे वरदानच आहे. त्याने लाखो माता वाचवल्या. पण मुहूर्तासाठी, किंवा कळांच्या भीतीपोटी, तो पहिला छेद घेऊ नये. मंडळाच्या कपाटात एक वही ठेवून आपल्या भगिनींना बाळंतपणात आलेले बरेवाईट अनुभव त्यात लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या मुलींना उपयोग होईल, असे मला वाटते. येत्या मासिक सभेत हा विषय चिटणीसबाईंनी घ्यावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करते.